नवीन बसमार्गासाठी लोकांचा पाठिंबा कसा उभा करावा? अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे

धागाकर्ती

आमच्याकडची बस जुन्या वस्तीपर्यंत येते आणि तिथूनच परत फिरते. पुढे अर्धा तास पायपीट. आम्ही ११ जणांनी दारोदार फिरून ४०० सह्या गोळा केल्या, निवेदन दिलं, पोचपावतीही घेतली. चार महिने झाले, काही उत्तर नाही. सही करताना प्रत्येक जण "बस हवीच" म्हणाला होता, पण परवाच्या बैठकीला सहा जण आले. आता मला हे काम सोडायचं नाही, पण पुढे काय करायचं ते सुचत नाही. ज्यांनी असा मार्ग सुरू करून घेतलाय त्यांनी कृपया सांगा.

वेळापत्रकवाला

बसच्या वेळापत्रकांवर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून टेबलाच्या त्या बाजूने लिहितो. ४०० सह्यांवरून मला एकही गाडी लावता येत नाही. सव्वासातला कुठल्या कोपऱ्यावर किती माणसं उभी असतील आणि त्यांना कुठे उतरायचंय, हे त्या कागदावर नसतं. तेवढं आणून द्या, निवेदनाचं वजन बदलतं.

दुसरं, मागणी गाड्यांच्या हिशेबात मांडा. समजा एका बाजूने ३५ मिनिटं लागतात आणि दोन्ही टोकांना ५-५ मिनिटं थांबायचं. म्हणजे पूर्ण चक्कर ८० मिनिटांची. दर २० मिनिटांनी बस हवी तर ४ गाड्या लागतील, ४० मिनिटांनी चालणार असेल तर २. "बस सुरू करा" या मागणीला कुणीही "बघू" म्हणतं. "४ गाड्या, या वेळांना" म्हटलं की हो की नाही ते सांगावं लागतं.

वहीवाली

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. आम्ही सह्या बाजूला ठेवल्या आणि एक साधी वही घेऊन तीन दिवस कोपऱ्यावर उभ्या राहिलो. रकाने चारच: कुठून, कुठे, किती वाजता, आणि बस नसल्यामुळे काय सोडून द्यावं लागलं.

हा चौथा रकाना मी कधीच विसरणार नाही. एका मुलाने संध्याकाळचा वर्ग सोडला होता, कारण परतायला काही मिळत नाही. एका आजींनी गुडघ्याचे व्यायाम अर्धवट टाकले होते. मुलाला दर वेळी सुट्टी घ्यायला लावणं त्यांना बरं वाटेना. त्या हे सांगत असताना मागे उभ्या असलेल्या बाईंनी माझ्या हातातली वही घेतली आणि स्वतःची ओळ स्वतः लिहिली. पुढच्या बैठकीला त्या आल्या, सोबत आणखी तिघींना घेऊन. लोक बैठकीला येत नाहीत म्हणून मीही चिडायचे. खरं तर तोवर आम्ही त्यांना त्यांच्या प्रवासाबद्दल काही विचारलंच नव्हतं.

खुर्चीवरून प्रवास

थांब्याची जागा ठरवायला जाल तेव्हा आमच्यापैकी एकाला बरोबर न्या. मी चाकांच्या खुर्चीवर आहे. बसला खुर्ची चढवायला उतरती फळी (रॅम्प) असूनही थांब्यापाशी पदपथच तुटलेला असेल तर ती बस माझ्यासाठी नाहीच. हे नकाशावर दिसत नाही, तिथे गेल्यावरच कळतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन अडचणी राहिल्यात. चौकातल्या दुकानदारांचा थांब्याला विरोध आहे. आणि आतल्या दोन गल्ल्यांना बस आपल्या दारावरून जायला हवी आहे. नाही म्हटलं तर ते फुटतील अशी भीती वाटते.

वेळापत्रकवाला

गल्ल्यांना आकडेच दाखवा. दोन वळशांनी एका बाजूला १० मिनिटं वाढली की चक्कर ८० ची १०० होते. मग पाचवी गाडी मागा, नाहीतर त्याच चार गाड्यांत २० मिनिटांची बस २५ मिनिटांवर जाते, तीही सगळ्यांसाठी. साधारण ४०० मीटर, म्हणजे पाचेक मिनिटं, लोक बससाठी चालतात. त्या गल्ल्या तेवढ्या अंतरात बसतात का, ते आधी चालून मोजा.

आणि फक्त शेवटच्या थांब्याचा विचार करू नका. फ्रान्समधल्या नांत शहरात १८२६ मध्ये स्तानिस्लास बोद्री यांनी आपल्या स्नानगृहापर्यंत गाडी सुरू केली, तर लोक मधेच चढू-उतरू लागले. स्नानगृहापेक्षा गाडीलाच मागणी आहे हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. तुमच्याही मार्गावर मधल्या टप्प्यांचे प्रवासी असतीलच, त्यांना वहीत घ्या.

वहीवाली

दुकानदारांशी सभेत वाद घालू नका. दुकान उघडायच्या वेळी एकेकाला भेटा. आमच्याकडे एकांचं म्हणणं एवढंच होतं की माल उतरवायची गाडी लागते तिथेच बस उभी राहणार. त्यांच्यासमोर टेप लावून मोजलं, बसला साधारण १२ मीटर धरले, आणि थांबा चौक ओलांडून पलीकडे सुचवला. तिथे वळणाऱ्या गाड्याही अडत नाहीत आणि लोक बसच्या मागून रस्ता ओलांडतात. तेच गृहस्थ नंतर आमच्या बाजूने बोलायला उभे राहिले.

एक राहिलं. मार्ग प्रायोगिक म्हणून मिळाला तर आढावा कधी आणि कशावरून घेणार, ते आधीच लेखी घ्या. सवयी बदलायला लोकांना महिने लागतात. पहिल्या महिन्यातल्या रिकाम्या गाड्या मोजून मार्ग बंद झालेला मी पाहिलाय, फार वाईट वाटतं.

धागाकर्ती

सोमवारी सकाळी सात वाजता आम्ही पाच जण वह्या घेऊन दोन कोपऱ्यांवर उभे राहतोय. दुकानदारांना उद्यापासून भेटते.

वहीवाली

सातला नको, पावणेसहाला पोहोचा. रात्रपाळी संपवून येणाऱ्या बायका सातपर्यंत चालत घरी गेलेल्या असतात.