साधारण प्रोग (प्रोग्रेसिव्ह मेटल) अल्बममध्ये ‘स्वतःचं’ किती, कसं ओळखावं? सल्ला हवाय

निपाणीचा_बेस: नमस्कार मंडळी. एका नव्या प्रोग्रेसिव्ह मेटल (बदलत्या मात्रांचं, गुंतागुंतीच्या रचनांचं हेवी मेटल) बँडचा अल्बम आठवडाभर ऐकतोय. वाजवतात स्वच्छ, पण लक्षात फारसं राहत नाही. टिळकवाडीतला मित्र म्हणतो, सगळं ड्रीम थिएटर या जुन्या प्रोग बँडचं उचललंय. मला ते इतकं सरळ वाटत नाही. परीक्षण लिहायचंय, अन्याय नको. आधी काय ऐकू?

खानापूर_ड्रम्स: आधी मूळ माल ऐका की! ड्रीम थिएटरचा ‘इमेजेस अँड वर्ड्स’ (१९९२), सिनिकचा ‘फोकस’ (१९९३), मेशुगाचा ‘डिस्ट्रॉय इरेज इम्प्रूव्ह’ (१९९५), ओपेथचा ‘ब्लॅकवॉटर पार्क’ (२००१). हे कानात बसलं की उसनं कुठलं ते लगेच कळतं.

पण उसनं घेणं हा दोष नव्हे. सात मात्रा, नऊ मात्रा आता कुणीही वाजवतं. मी सांधे ऐकतो, म्हणजे गाणं एका भागातून दुसऱ्यात कसं जातं ते. सुमार अल्बममध्ये जड रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) थांबतो, क्लीन म्हणजे खरखर नसलेली गिटार येते, पुन्हा तोच रिफ. का आला, याला उत्तर नसतं. मेशुगाचा ड्रमर टोमास हाके हातानं झांजेवर सरळ चार धरतो. पाय आणि गिटार वेगळ्याच लांबीचा तुकडा फिरवतात. तुकडा दर फेरीला समेपासून सरकत जातो, आणि शेवटी मध्येच कापून समेवर आणतात. लई ताण असतो त्यात! नक्कल करणारे तुकडा घेतात, ताण मागेच राहतो. हेडफोन लावून नुसती झांज मोजा, फरक ऐकू येईल.

शहापूरची_श्रुती: दादांशी सहमत, पण ‘नक्कल’ म्हणून निकालात काढू नका. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे. लहानपणी मोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गायचे. स्वतःची गायकी पुढे घडली. पहिलाच अल्बम असेल तर थोडा धीर धरा. आणि गाण्याची चाल नुसत्या साध्या गिटारवर गुणगुणून बघा. तरीही ओळखू आली तर ती त्यांची.

चिकोडीकर: ‘ओरिजिनल नाही’ एवढंच लिहू नका. कुठलं गाणं, कितवं मिनिट, कुणासारखं, तेही लिहा.

निपाणीचा_बेस: आभार सगळ्यांचे. सांधे ऐकले, बहुतेक ठिकाणी दादा म्हणतात तसंच आहे. पण पाचव्या गाण्यात बेस एकच सूर धरून बसतो आणि त्याच्यावर गिटारचे कॉर्ड बदलत जातात, शेवटपर्यंत सुटकाच नाही. हे त्यांचं स्वतःचं वाटतं. परीक्षण तिथूनच सुरू करतो. ‘फोकस’ आज रात्री ऐकतो.