नव्या सीपीयूवर विंडोज ७ चढेना, काय करावं? (सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं; नावांच्या जागी फ्लॅट नंबर)

बी-२०४ : नमस्कार मंडळी. कारखान्यातला डिझाइनचा सीपीयू गेला, मदरबोर्डच जळला. नवा आणला. त्यात विंडोज ७ टाकायला बसलो तर पहिल्याच स्क्रीनवर माऊस चालेना, कीबोर्ड पण नाही. दोन पोरं येऊन बघून गेली. आपल्यात कुणाला माहीत हाय का?

ए-१०१ : भाऊ, विंडोज ११च टाका की सरळ.

बी-२०४ : वहिनी, तेच केलं असतं ओ. जॅकार्डचं, म्हणजे मागावर नक्षी विणायचं, सॉफ्टवेअर जुनं आहे. ते चालायला लावावी लागणारी परवान्याची छोटी किल्ली, म्हणजे डोंगल, ११वर ओळखतच नाही. ज्यांनी विकलं त्यांचा नंबर आता लागत नाही. टॉवेल-चादरीच्या बारा वर्षांच्या डिझाइन आहेत त्यात. परवापासून चार माग बंद आहेत.

सी-३०२ : दादा, माऊस-कीबोर्ड चांगलेच आहेत, उगाच नवे घेऊ नका. विंडोज ७ आलं २००९ साली, तेव्हा त्यात यूएसबी ३ या नव्या पोर्टचे ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्राम, नव्हतेच. नव्या बोर्डावर सगळे पोर्ट यूएसबी ३च्याच चिपवर असतात, म्हणून सेटअप सुरू झाला की दोन्ही मुके. तेवढं जमवलं तरी पुढे एनव्हीएमई, म्हणजे बोर्डावर बसणारी नवी वेगवान डिस्क, दिसत नाही, तिचा ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो. आणि तेही झालं तरी आतल्या ग्राफिक्सला विंडोज ७चा ड्रायव्हर इंटेलने नव्या प्रोसेसरांसाठी दिलेलाच नाही. ताग्यावरचं बारीक डिझाइन ड्रायव्हरविना जाडंभरडं दिसणाऱ्या स्क्रीनवर कसं बघणार तुम्ही? हे सगळं मी आमच्या ऑफिसात करून बसलोय, आठवडा गेला.

नव्या लोखंडावर जुनं विंडोज घालूच नका. विंडोज ११ राहू द्या, त्यात व्हर्च्युअलबॉक्स टाका, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा नकली कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम, आणि त्याच्या आत ३२-बिटचं विंडोज ७. आतल्या विंडोजला खरा बोर्ड दिसतच नाही, त्याला ओळखीचंच हार्डवेअर दाखवलं जातं. डोंगल यूएसबीचा आहे ना? मग तो थेट आत जोडता येतो. ११ फक्त ६४-बिटमध्ये येतं आणि तुमच्या डोंगलचा ड्रायव्हर बहुतेक जुन्या ३२-बिटचा असणार. तो ६४-बिटवर चालत नाही, अडलंय ते तिथंच.

बी-२०४ : यूएसबीचाच आहे. जुनी हार्ड डिस्क नव्यात लावून बघू का आधी?

सी-३०२ : तिच्यावरून चालू करू नका, निळी स्क्रीन येईल. बाहेरून जोडून डिझाइनचा फोल्डर दोन ठिकाणी कॉपी करा. हे आज रात्रीच करा दादा, बाकी उद्या. डिस्कचं काही सांगता येत नाही.

आणि आतल्या विंडोजचं नेट बंदच ठेवा. त्याचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२०लाच थांबलेत. डिझाइन मागावर न्यायला पेन ड्राइव्ह वापरा, तीही आधी बाहेर स्कॅन करून.

सचिव : सोसायटीच्या कॉम्प्युटरवर विंडोज १० आहे. त्याचं पण असंच का?

सी-३०२ : हो काका, १४ ऑक्टोबर २०२५ला तेही संपलं. मेंटेनन्सचं बँकेचं काम त्यावरून होतं, रविवारी येऊन बघतो.

बी-२०४ : फोल्डर कॉपी झाला. ४१८ फायली, सगळ्या उघडतात. सकाळी अक्कलकोट रोडला कारखान्यावर याल का? गाडी पाठवतो.

सी-३०२ : गाडी नको, नऊला येतो. डोंगल आणि सॉफ्टवेअरची मूळ सीडी तेवढी शोधून ठेवा.