'स्लाइस'ला मराठीत काय म्हणावं: फोड, काप की वाटे?

गावच्या वाचनालयाची साइट ह्यूगो या साइट बनवायच्या साधनात करतेय. साच्यात (टेम्प्लेटमध्ये) कुठे काय केलंय याच्या टिपा मराठीत लिहिते, म्हणजे माझ्यानंतर बघणाऱ्याला सोपं जाईल. पहिल्या पानावर ताजी पाचच पुस्तकं दाखवायची आहेत. साच्यातल्या 'स्लाइस' या आज्ञेसाठी 'फोड' लिहिलं, पण मन मानत नाही. दुसरा शब्द सुचवा.

— 'काप' लिहा. फोड म्हटलं की संत्रं किंवा लोणचं आठवतं. काप कुठून आणि केवढा ते आपण ठरवतो. जेकिल हे असंच दुसरं साधन, त्याच्या लिक्विड या साचाभाषेत 'स्लाइस'ला तेच दोन आकडे लागतात: सुरुवात आणि संख्या. '०, ५' म्हणजे पहिली पाच. दुसरा आकडा विसरलात तर एकच नग हाती येतो, माझा एक अख्खा रविवार त्यात गेलाय.

— पण ताई ह्यूगो वापरतायत! तिथे 'स्लाइस' काही कापतच नाही. सुटी नावं द्यायची, त्यांची यादी करून मिळते. मेथीच्या काड्या घेऊन जुडी बांधावी तसं. म्हणून 'जुडी'. तुम्हाला हवंय ते काम 'फर्स्ट'चं, त्याला सरळ 'पहिले पाच' म्हणा की.

— यात जिंजा या आणखी एका साचाभाषेची भर घाला. तिथला 'स्लाइस ३' म्हणजे तीन नग नव्हेत, तीन ढीग. सात पुस्तकं दिलीत तर तीन, दोन, दोन अशी लागतात. तीन रकाने करायला बरं पडतं. आमच्या कोकणात मासळीचे वाटे लावतात, हुबेहूब तेच. तीन-तीनचे गट हवे असतील तर 'बॅच', मग तीन, तीन, एक.

— 'वाटा' म्हटलं की जमिनीचा हिस्सा डोळ्यांपुढे येतो हो.

— म्हणून तर 'वाटे', अनेकवचनीच वापरा. हिश्शावरून भांडणं होतात, वाट्यांवरून फक्त घासाघीस.

— बापरे! मी एका शब्दाला एक शब्द शोधत होते. आता 'स्लाइस'पुढे आधी कुठलं साधन ते लिहीन: लिक्विड असेल तर काप, ह्यूगो असेल तर जुडी, जिंजा असेल तर वाटे. माझं काम 'पहिले पाच'वर भागलं. आता 'जुनी पुस्तकं'च्या पानावर 'आफ्टर ५' आहे, त्याला 'पाचनंतर' लिहिलं तर नवखा पाच वाजल्यानंतर समजेल.

— 'पहिले पाच सोडून' लिहा.