शनिवारी रात्री 'अ न्यू लीफ' लावू या का?

ताई: शनिवारी सगळे जमतोय, तर रात्री सिनेमा कुठला लावायचा? हलकाफुलका सुचवा, रडारड नको.

आत्या: 'अ न्यू लीफ' लावा. १९७१चा, इंग्रजी. वॉल्टर मॅथाऊ आणि इलेन मे.

दादा: नावही ऐकलं नव्हतं. गोष्ट काय?

आत्या: न्यूयॉर्कचा एक ऐतखाऊ, हेन्री. वाडवडिलांचा पैसा उडवून बसलाय, जन्मात काम केलेलं नाही. काकाकडून सहा आठवड्यांच्या बोलीवर ५०,००० डॉलर घेतो आणि तेवढ्यात श्रीमंत बायको शोधायला निघतो. लग्न करायचं आणि तिला संपवायचं, असा बेत.

वहिनी: अहो आत्या, ताईंनी हलकाफुलका म्हटलंय! बायकोच्या खुनात हसायचं काय?

आत्या: अगं ऐक तर. त्याला हेन्रिएटा भेटते. वनस्पतीशास्त्र शिकवते, पैसा अफाट आणि कमालीची वेंधळी. चहा गालिच्यावर सांडते, नव्या कपड्यांना किमतीची चिठ्ठी तशीच. घरचे नोकर तिला राजरोस लुबाडतायत, तिला पत्ता नाही. हेन्री मधुचंद्राला विषांचं पुस्तक वाचत बसतो. पण पुढे पैसा आपलाच होणार म्हणून आधी नोकरांना हाकलतो, हिशेब ताब्यात घेतो, ती बाहेर निघाली की कपड्यांवरचे कण झटकतो. मारायच्या तयारीत तिची काळजी घ्यायची सवयच लागते त्याला!

आत्या: आणि तो गाऊनचा प्रसंग! ग्रीक पद्धतीच्या गाऊनमध्ये ती डोकं भलत्याच भोकातून घालते आणि तो तिला त्यातून सोडवत बसतो. वैतागतो, पण सोडून जात नाही. मला विचाराल तर प्रेम तिथेच सुरू होतं.

मामा: इतका चांगला, मग कुणाला माहीत कसा नाही?

आत्या: मामा, त्याचंच वाईट वाटतं. इलेन मेंनी लिहिला, दिग्दर्शित केला, हेन्रिएटाही त्याच. त्यांचा सिनेमा तीन तासांच्या आसपास होता, त्यात हेन्री खरोखर दोन खून करतो. पॅरामाउंट स्टुडिओने कात्री लावून पावणेदोन तासांच्या आत बसवला. माझं नाव काढा म्हणून त्या कोर्टात गेल्या, पण हरल्या. आपल्याला मिळतो तो हा कापलेलाच. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत, म्हणजे जपून ठेवायच्या सिनेमांच्या यादीत, २०१९ला आला, इतक्या वर्षांनी.

वहिनी: शेवटी मारतो का तिला?

आत्या: ते नाही सांगणार. तिला नेच्याची एक नवी जात सापडते, तिच्यावर लक्ष ठेव.

दादा: सबटायटल्स?

आत्या: लावाच. हेन्रीच्या बोलण्यात अर्धी मजा आहे, एक वाक्य सुटायला नको.

ताई: ठरलं. जेवणं साडेआठला आटपायची.

वहिनी: मी गाऊनसाठी बसते. आत्या, तुमच्या शेजारी जागा ठेवा.