मदत हवी आहे: कॉलेज फुटबॉलचा हेड कोच पारखायचा कसा?

ओहायोतल्या आमच्या छोट्या कॉलेजची टीम (अमेरिकन फुटबॉल, लंबगोल चेंडूवाला) तीन सीझन सपाटून मार खातेय. माजी विद्यार्थी म्हणून मला कोच निवड समितीत घेतलंय. मी स्वतः खेळलोय ती फक्त कबड्डी!

आम्ही डिव्हिजन ३ मध्ये (अमेरिकन कॉलेज खेळांचा एक स्तर), म्हणजे खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही. त्यामुळे ‘पैसे ओता’ हा सल्ला नको.

दोघे उरलेत. एक मोठ्या कॉलेजचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाची आखणी करणारा सहाय्यक कोच), दुसरा लहान कॉलेजात हेड कोच म्हणून जिंकत आलेला. माझा कल दुसऱ्याकडे. इंडियाना युनिव्हर्सिटीची टीम २०२३ मध्ये १२ पैकी ३च सामने जिंकली. मग जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीचे हेड कोच कर्ट सिग्नेटी तिथे आले आणि २०२४ मध्ये ११ विजय, २ पराभव. पण त्यांच्यामागून जेम्स मॅडिसनचे बरेच खेळाडूही आले, हे समितीत कुणी बोलत नाही.

मुलाखती झाल्या, मॅचचे व्हिडिओ पाहिले, दिलेल्या रेफरन्सना फोन केले. सगळे गोडच बोलतात.

स्कॉलरशिपशिवाय हायस्कूलची पोरं आणून चार वर्षं टिकवणारा कोच ओळखायला, यादीबाहेरच्या कुणाला फोन करू आणि नेमकं काय विचारू?