केबलने जोडून वाय-फाय वाटून घेताना

डेस्कटॉपमध्ये वाय-फायची सोय नसल्यास त्याला इंटरनेट देण्यासाठी दुसरा राउटर घ्यावा, असे सुचवले जाते. परंतु लॅपटॉप आणि डेस्कटॉप शेजारी ठेवलेले असतील, तर तो खर्च मला अनावश्यक वाटतो; लॅपटॉपला वाय-फायवरून मिळणारे इंटरनेटच केबलने डेस्कटॉपला देता येते. दोन्ही यंत्रे साध्या लॅन केबलने जोडावीत आणि लॅपटॉपवरील विंडोजमध्ये नेटवर्क कनेक्शन्सच्या यादीतील वाय-फायवर (इथरनेटवर, म्हणजे केबलच्या जोडणीवर नव्हे, गफलत हमखास इथेच होते) राइट क्लिक करून, प्रॉपर्टीजमधील शेअरिंगच्या टॅबखाली इतरांना इंटरनेट वापरू देण्याचा पर्याय निवडावा.

यानंतर विंडोज ७ व पुढील आवृत्त्यांत लॅपटॉपच्या इथरनेटला १९२.१६८.१३७.१ हा आयपी पत्ता (नेटवर्कमध्ये यंत्र ओळखण्याचा क्रमांक) मिळतो आणि डेस्कटॉपला त्याच मालिकेतला पत्ता आपोआप दिला जातो. मात्र डेस्कटॉपवर पूर्वी कोणी हाताने आयपी पत्ता भरून ठेवला असेल, तर तो काढून 'आपोआप मिळवा' हा पर्याय ठेवावा लागतो. क्रॉसओव्हर केबलचा (दोन संगणक थेट जोडण्यासाठी आतील तारांची अदलाबदल केलेल्या केबलचा) आग्रह आता धरण्याचे कारण नाही, कारण गिगाबिट पोर्ट (लॅन केबल लावायच्या वेगवान खाचा) तारांची अदलाबदल स्वतःच सांभाळून घेतात.

खरी अडचण वेगळीच आहे. लॅपटॉप स्लीपमध्ये गेला की डेस्कटॉपचे इंटरनेटही बंद पडते, शिवाय राउटरला जोडलेल्या इतर उपकरणांना डेस्कटॉप थेट दिसत नाही. त्यामुळे डेस्कटॉपवरचा प्रिंटर घरभर वापरायचा असेल, तर डेस्कटॉपला यूएसबी वाय-फाय अडॅप्टर (वाय-फायची सोय देणारे छोटे उपकरण) बसवून तो थेट राउटरला जोडणेच श्रेयस्कर.