नखरेल मांजरांचा प्रोटीनवाला खाऊ: अनुभव धागा

धागाकर्ती, परभणी
वाटीचा वास घ्यायचा, शेजारची फरशी पंजानं उकरायची आणि शेपटी वर करून चालू पडायचं. असली मांजरं सांभाळणाऱ्यांनी इथं लिहावं. कौतुकाच्या गोष्टी नकोत. काय दिलं, किती ग्रॅम, कसं शिजवलं, कुठं बिघडतं, एवढंच. हिशेबाचा पाया मीच घालते: चार किलोच्या घरकोंबड्या मांजराला दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी लागतात. खाऊ त्याच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा, म्हणजे २० किलोकॅलरी. बाकी पोट रोजच्या पूर्ण आहारानंच भरायला हवं.

गंजगोलाई, लातूर
२० किलोकॅलरीत उकडलेलं बिनकातडीचं छातीचं चिकन १२ ग्रॅम बसतं. अंगठ्याच्या पेरापेक्षा जरा जास्त. त्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळतं.

कच्चं १०० ग्रॅम घ्या, जेमतेम बुडेल इतकं पाणी, मीठ-हळद काही नाही. झाकण ठेवून मंद आचेवर १०-१२ मिनिटं, मधला भाग पांढरा होईस्तोवर. कुकर नको, शिट्ट्यांनी चिकनचा चोथा होतो आणि नखरेल मांजर चोथा चघळून टाकून देतं. टॉरिन हे मांजराच्या हृदयाला आणि डोळ्यांना लागणारं द्रव्य पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी ओतून देऊ नका, चमचाभर वरून घाला. शिजून ७०-७५ ग्रॅम उरतं. १२-१२ ग्रॅमचे वाटे बर्फाच्या ट्रेत भरून फ्रीझरमध्ये ठेवले की सहा दिवसांची सोय झाली.

सुरीनं चौकोनी तुकडे करण्यापेक्षा बोटांनी धागे सोला. तेही नको असेल तर खिमा करून बघा. चव तीच असली तरी पोत बदलला की मत बदलतं.

येसरवाली, बीड
रश्श्यातला तुकडा नळाखाली धुऊन द्यायलेत लोक, ते आधी बंद करा. मसाला वरून जातो, आत मुरलेला कांदा-लसूण जात नाही. त्यातली गंधकाची द्रव्यं मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. लक्षणं त्याच दिवशी दिसतील असं नाही, दोनचार दिवसांनी हिरड्या पांढरट पडतात, लघवी तांबूस होते, मांजर कोपऱ्यात बसून राहतं.

आणि "आम्ही आळणीच देतो" म्हणणाऱ्यांनी स्वतःचं पातेलं आठवावं. आपल्याकडच्या आळणीत तिखट नसतं एवढंच, कांदा, आलं-लसूण, हळद, मीठ सगळं असतं. मांजराचा वाटा कच्चा असतानाच वेगळा काढायचा. हाड शिजलेलं असेल तर अजिबात नाही, त्याच्या चिरफळ्या घशात रुततात.

नाथसागर, पैठण
मासा. रोहू-कटला कच्चा टाकू नका. कार्प जातीच्या कच्च्या माशात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, मोडणारं एन्झाइम असतं. रोज दिलं तर मांजर तोल जाऊन लडबडतं. शिजवलं की ते एन्झाइम निकामी होतं. पोटाकडचा तुकडा घ्या, तिथं बरगडीचे मोठे काटे असतात, ते दिसतात आणि निघतात. शेपटीकडं दुफाटी बारीक काटे मांसात लपलेले, ते बोटांनाही लवकर सापडत नाहीत. ७-८ मिनिटं वाफवा, गार झाल्यावर चिमटीत चुरून बघत काटे काढा. आठवड्यातून एकदोनदा पुरे.

आठवडी बाजारातली सुकट वासानं मांजराला वेडं करते खरी, पण खारट असते. रोजचा खाऊ म्हणून नको.

गच्चीवरचं वाळवण, जालना
घरी कुरकुरीत खाऊ करायचा तर सांडग्यांसारखं चिकन गच्चीवर वाळत घालू नका. ऊन ४३ अंश असलं तरी जंतूंना ते मानवतंच, आणि माशा वेगळ्या. आधी वरच्यासारखं पूर्ण उकडा, मग अर्ध्या सेंटिमीटरहून पातळ पट्ट्या, ओटीजीत ८० अंशांवर दोन-तीन तास, दार बोटभर उघडं, वाफ बाहेर जायला. पट्टी वाकवली की तुटली पाहिजे. नुसती वाकली तर आत ओल आहे, चार दिवसांत बुरशी. मधेच लाइट गेली आणि ट्रे तासभर कोमट पडून राहिला तर तो घाणा टाकून द्या. हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये, आठवडाभर. पाणी उडालेलं असल्यानं याचं माप ५ ग्रॅम, १२ नव्हे.

दवाखान्यातला, उदगीर
विकतच्या पाकिटावरचे आकडे थेट ताडून बघू नका, पाणी वजा करा. बिस्किटासारख्या खाऊवर प्रोटीन ३० टक्के, ओलावा १० टक्के: ३० भागिले ९०, म्हणजे ३३ टक्के. ट्यूबमधल्या पातळ खाऊवर प्रोटीन फक्त ७ टक्के, पण ओलावा ९१: ७ भागिले ९, म्हणजे जवळजवळ ७८ टक्के! आकडा छोटा दिसणारा इथं जिंकतो, शिवाय पाणीही पोटात जातं. घटकांत पहिलं नाव मांसाचं किंवा माशाचं असावं. "फ्लेवर" शब्दावर जाऊ नका. मऊ दमट तुकडे घेताना प्रोपिलीन ग्लायकॉल (ओलावा टिकवणारं रसायन) नाही ना ते बघा, मांजरांच्या अन्नात ते अमेरिकेत १९९६ पासून चालत नाही.

मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या मांजराला जास्त प्रोटीनचा कोणताही खाऊ डॉक्टरांना विचारूनच.

पोटा-कलेजी, हिंगोली
चिकनवाल्याकडं नुसती दिलं, म्हणजे कोंबडीची हृदयं, मागा. स्वस्त पडतात, टॉरिन भरपूर. उकडून दीड-दोन दिलांत दिवसाचा खाऊ झाला. कलेजीचं मात्र उलट: ५ ग्रॅम, आठवड्यातून एकदोनदाच. जीवनसत्त्व अ साठत जातं, मानेची हाडं जखडतात, मांजराला अंग चाटायलाही मान वळवता येत नाही. कलेजीची चटक लागते, म्हणून माप मोडायचं नाही.

धागाकर्ती, परभणी
अंड्याबद्दल विचारणाऱ्या ताईंना: उकडलेलं पाव अंडं. कच्चा पांढरा भाग बायोटिन हे जीवनसत्त्व अडवतो, शिवाय साल्मोनेला जंतूंची भीती. दूध-पोळी प्रोटीनचा खाऊ नाही. मोठ्या मांजराला दुधातली साखर पचत नाही, हगवण लागते. आणि गोड बिस्किटावर झडप घातली तर ती गोडीसाठी नसते. गोड चव ओळखणारं जनुकच मांजरात निकामी आहे, २००५ साली ते दाखवून झालंय.

गोदाकाठ, नांदेड
इतकं करूनही तोंड फिरवतंय? फ्रिजमधलं गार दिलंय का बघा. गार मांसाला वास येत नाही आणि मांजर आधी नाकानं जेवतं. वाटी गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा, मनगटावर कोमट लागलं की द्या. मायक्रोवेव्हमध्ये मधेच चटका बसेल असं गरम होतं, ढवळून घ्या. मे महिन्यात वीस मिनिटांनी उरलेलं उचला.

नवा पदार्थ एका वेळी एकच. हरभऱ्याच्या डाळीएवढा, जेवणाच्या वाटीत न मिसळता शेजारच्या बशीत. मिसळलं की कित्येक मांजरं जेवणही सोडतात. खाऊ जेवणानंतर द्या. आधी दिला तर त्याचीच वाट बघत बसतं. गोळी तर त्यात कधी लपवू नका, एकदा कडू लागलं की तो पदार्थ कायमचा बाद.

चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर तो नखरा धरू नका, दवाखाना गाठा. लठ्ठ मांजर उपाशी राहिलं की चरबी यकृतात साठते आणि दोनतीन दिवसांत प्रकरण हाताबाहेर जातं.